चेटकिणीचा आवाज

आत्याचा आवाज लहानपणीच बसला, तो कायमचा. घशाचं कसलंसं दुखणं झालं, त्यातून ती बरी झाली, पण आवाज पातेलं खरवडल्यासारखा राहिला. फोनवर समोरचा माणूस तिला हमखास ‘साहेब’ म्हणायचा. शाळेच्या नाटकात घेतलं, ते पडदा ओढायला. त्यामुळे बाहेरच्या कार्टून सिनेमांना आपल्या भाषेतले आवाज देणाऱ्या स्टुडिओत ती मैत्रिणीच्या सोबतीला गेली आणि तिथल्या दिग्दर्शकांनी ‘बाई, इतके दिवस होतात कुठे?’ असं विचारलं, तेव्हा तिचा आपल्या कानांवर विश्वास बसेना.

तेव्हापासून यच्चयावत चेटकिणी, सावत्र आया आणि कपटी मांजरी तिच्याच वाट्याला आल्या. पडद्यावरचं तोंड उघडलं की आपलं उघडायचं, मिटलं की मिटायचं. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती हसली की काचेपलीकडे बसलेल्या साउंडवाल्याच्या अंगावर काटा यायचा. स्टुडिओत तिचं नाव चेटकीणबाई पडलं आणि तिला त्याचं कौतुकच वाटे. लग्न तिनं केलं नव्हतं. भाऊ-वहिनीकडे राहायची. भाची ठकी तिच्याच अंगाखांद्यावर वाढली.

ठकी पहिलीत होती. शाळेत धावण्याच्या शर्यती झाल्या, त्यात आपल्या वर्गासाठी ओरडून ओरडून तिचा घसा बसला. सकाळी उठून ती काहीतरी मागायला गेली आणि तोंडातून घोगरा सूर निघाला. तो तिनं ऐकला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. एरवी जिची टकळी थांबवायला हात जोडावे लागत, ती आता मानेनं हो-नाही करू लागली. डॉक्टर म्हणाले, किंचित सूज आहे, ती उतरतेय, बोलायला काही हरकत नाही. वहिनीनं आधी लाड करून पाहिले, मग डोळे वटारून पाहिले. पोर ढिम्म.

एका दुपारी आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ठकी शेजारी येऊन मोज्यांच्या जोड्या लावू लागली. आत्यानं काही विचारलं नाही. बहुधा त्याचाच गुण आला. थोड्या वेळानं ठकी तिच्या कानाशी लागली.

“मी वाईट झालेय का गं?”

“असं कोण म्हणालं?”

“कुणी नाही. पण सिनेमात वाईट लोकांचाच आवाज असा येतो.”

आत्यानं हातातली घडी खाली ठेवली. माझाही आवाज असाच आहे की, असं ती म्हणाली.

“तू घरी आलीस की चांगली होतेस,” ठकी म्हणाली. “मला तसं नाही जमणार.”

आत्यानं तिला जवळ घेतलं, तसं काही नसतं म्हणून समजावलं. पण आपलं समजावणं आपल्यालाच पोकळ वाटतंय, हे तिला कळत होतं. नंतर कितीतरी वेळ आजवरच्या भूमिका तिच्या डोळ्यांपुढून सरकत राहिल्या. जाड, सावळी, वाकड्या नाकाची, एकटी राहणारी. त्यातली एकही कुणाची आई नव्हती, मैत्रीण नव्हती. आणि राजकन्या मात्र गोरी, नाजूक, चिमणीच्या आवाजात कुणाची तरी वाट बघणारी. घोगरे ते वाईट, असं वाक्य कुठल्याच सिनेमात नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती. पोर न सांगताच शिकली होती, आणि शिकवणारा आवाज आपला होता.

शनिवारी ती ठकीला घेऊन स्टुडिओत गेली आणि तिला राजकन्येला भेटवलं. राजकन्याबाई साठीला टेकलेल्या, ऐसपैस देहाच्या, गुडघ्यांनी बेजार. पंख्यावरून साउंडवाल्याशी त्यांचं रोज वाजायचं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि सोळा वर्षांच्या आवाजात कुणाला तरी वाचवायची विनंती केली. ठकी आ वासून बघत राहिली आणि मग खुदकन हसली.

“मग चेटकिणीला हिचा आवाज का नाही दिला?” तिनं चक्क मोठ्यानं विचारलं.

दिग्दर्शक हसले. कोण चांगलं, कोण वाईट, हे मुलांना पटकन कळायला नको का, असं म्हणता म्हणता त्यांचं बोलणं मध्येच अडखळलं. राजकन्याबाईंनी चेटकिणीचा कागद मागून घेतला आणि मधाळ स्वरात वाचला, “दार उघड, बाळा. मी तुला काही करणार नाही.” साउंडवाल्यानं कानावरचा हेडफोन काढून ठेवला. आजवरची सगळ्यात भयंकर चेटकीण तीच होती.

तेव्हा आत्यानं इतक्या वर्षांत कधी मागितलं नव्हतं ते मागितलं. त्याच सिनेमात पिल्लाची आई असलेली एक अस्वलीण होती, तिला चारदोन वाक्यं होती.

“ती मला द्या,” आत्या म्हणाली. “माझ्याच आवाजात. काही न रंगवता.”

मालक मंडळी ऐकायची नाहीत, असं दिग्दर्शकांनी बजावलं, पण दोन्ही आवाज रेकॉर्ड करून पाठवले. गोड चेटकीण मालकांनी साफ नाकारली. ती भूमिका पुन्हा आत्यालाच करावी लागली. अस्वलीण मात्र निसटली. एवढ्याशा कामाकडे बहुधा कुणाचं लक्षच गेलं नसावं.

सिनेमा लागला, तोवर ठकीची टकळी पूर्ववत सुरू झाली होती. दोघी मिळून बघायला गेल्या. अस्वलीण पिल्लाला म्हणाली, थंडी वाजतेय ना, ये, कुशीत ये. पुढच्या रांगेतलं एक अनोळखी पोर आपल्या आईला बिलगलं. पुढचा बराच वेळ आत्या पडद्याऐवजी त्या पोराच्या डोक्याकडेच बघत होती.

जिना उतरताना ठकी पुढे होती. शेवटच्या पायरीवर ती थांबली.

“आत्या, ती अस्वलीण सगळा वेळ गुहेतच का बसलेली असते? बाबा अस्वल तर कुठे कुठे जातो.”

आत्यानं ती वाक्यं घोकून घोकून पाठ केली होती, पण हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सोमवारी दिग्दर्शकांना विचारते, असं तिनं कबूल केलं.

“मी पण येते,” ठकी म्हणाली. “तुला नीट विचारता येणार नाही.”