सुनीताच्या मेसेजवर दाबलेला अंगठा

बायांनो, मी गढा मोहल्ल्यातली आजी बोलून राहिली अन् नात लिहून राहिली. मला अक्षर येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमचे सुभेदार साहेब सहा वर्षांपासून लकव्यानं पडून आहेत, पण चहात साखर कमी पडली की अजून मलाच परेड करायला लावतात.

फौजी नवऱ्यांचं दुखणं काढणाऱ्या बायांच्या आपल्या या ग्रुपवर मी रोज सकाळी प्रत्येक मेसेजखाली अंगठा दाबते. तेवढीच माझी हजेरी. आज सुनीताच्या मेसेजलाही दाबला. तिला मी फोटोवरून ओळखते, डायलिसिसवाल्या हवालदाराची बायको.

दुपारी नात कॉलेजातून आली अन् सुनीताचा मेसेज वाचू लागली.

"काय लिहिलंय ग?"

"आजी, तिनं हिंदीत लिहिलंय, 'अब मुझसे नहीं होता, कोई तो फोन करो.'"

"मग लाव ना फोन!"

चार वेळा लावला. बंद आहे.

मी विचारलं, बाकीच्या काय म्हणाल्या तिला?

"एकवीस अंगठे आहेत, आजी. अन् दोन फुलं."

मी तर अडाणी. तुम्ही शिकलेल्या ना ग? काहून कोणी फोन नाही केला? रागावू नका, मी स्वतःवरच जास्त चिडून राहिली.

तिच्या नवऱ्याचं डायलिसिस मंगळवारी अन् शुक्रवारी असते, हे आपल्याला पाठ आहे. तिचं घर कुठं आहे, हे कोणाला माहीत आहे का?