परतीची पाटी

नवरा गेल्यावर त्याचे ट्रक माझ्या नावावर झाले आणि ट्रकांच्या मागोमाग विमा एजंट दारात आला. तलासरीच्या कारखान्याचा माल उचलायचा तर साधा विमा पुरत नाही, ते लोक जादा मागतात, असं त्याचं म्हणणं. अपघातात दुसऱ्याचं नुकसान झालं आणि भरपाई मूळ विम्याच्या मर्यादेपलीकडे गेली, तर वरचा भार हा दुसरा विमा उचलतो. त्याला अम्ब्रेला म्हणतात. डहाणू रोडला स्टेशनसमोरच्या ऑफिसात तो इतका वेळ बोलला की सुटका व्हावी म्हणून मी सही केली. मूळ विम्याने हात वर केले की हा वरचाही करतो, हे मात्र त्याने सांगितलं नाही. सांगितलं असेल तर माझं लक्ष नव्हतं.

आमची झाईची आळी मासळीवाल्यांची, माझं माहेरही तसलंच. आळीतल्या बायका सुके बोंबील आणि सुकट घेऊन कासाच्या बाजाराला जातात. एसटीत पाटी चढवली की कंडक्टर नाक मुरडतो, म्हणून ओळखीचा ट्रक बघायचा. माझा एक ट्रक त्या बाजूला गवताचे भारे आणायला जायचाच. बाई केबिनमध्ये, पाटी मागे. भाडं घ्यायचं कुणाच्या मनातही येत नसे. माझी शेजारीण कित्येक वर्षं अशीच जात होती.

त्या दिवशी बाजार आटोपून ती त्याच ट्रकने परत निघाली. चारोटीला हायवेला लागून तलासरीकडे येताना पुढच्या ट्रेलरने ब्रेक मारला आणि आमचा ट्रक त्याच्या मागच्या कोपऱ्यावर जाऊन आदळला. केबिनची डावी बाजू आत गेली. ड्रायव्हरचा पाय मोडला. शेजारीण जागीच गेली.

मी पोचले तेव्हा रस्ताभर गवत पसरलं होतं आणि गवतात बोंबील. पाटी कलंडली होती. सांडलेलं धरून अर्धी पाटी तरी माल असेल. मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. गवतात बोंबील पटकन ओळखू येत नाहीत, एवढंच मनात आलं, आणि मी तिथे उभी राहिले.

आमच्या आळीत मासळी विकणारी बाई गेली की भेटायला येणारी प्रत्येकजण विचारते, पाटी रिकामी होती ना. घरच्यांनी हो म्हणायचं. माल उरवून गेलेलीचा जीव बाजारात अडकतो, असं म्हाताऱ्या सांगतात. मला विचाराल तर यात जिवाचं काही नाही. मेल्यावर तरी हिला विकता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये, म्हणून हे सगळं. शेजारणीच्या मुलीने सगळ्या आळीला हो सांगितलं. तिच्या घराच्या ओट्यावर पोलीस जबाब घ्यायला बसले, त्यांनाही तिने तेच सांगितलं. मी शेजारीच होते. सुतकाच्या घरात असलं कोण दुरुस्त करत बसतं?

विमा कंपनीने तो जबाब उचलला. मालाच्या गाडीत मालाचा मालक मालाबरोबर बसला तर त्याला विमा लागू होतो. माल संपला की तो नुसता प्रवासी, आणि मालाच्या गाडीत प्रवाशाला विमा नाही. म्हणजे माझी शेजारीण जाताना विम्यात होती आणि येताना नव्हती. मूळ विमा नाही म्हणून वरचाही नाही. भरपाई माझ्याकडून घ्या, असं कंपनीचं म्हणणं. म्हणजे ट्रक विकायला काढायचे, आणि माझ्याकडून वसूल होईतो त्या मुलीची पोरं लग्नाला आली असती. तिचा नवरा खलाशी, आठ महिने बोटीवर. घर आईच्या पाटीवर चालायचं.

तिच्या वकिलाने तिला हे सगळं नीट समजावलं. माल होता एवढंच बोल, म्हणाला. तिने मान डोलावली. कोर्टात कंपनीच्या वकिलाने विचारलं तेव्हा ती ताठ उभी राहिली.

"माझ्या आईची पाटी भरलेली कधी परत आली नाय."

तिचा वकील चष्मा पुसायला लागला.

मग मला बोलावलं. मला कसलाच राग नव्हता, कीवही नव्हती. आतून सगळं बधिर होऊन बरेच महिने झाले होते. मी सांगितलं, अर्धी पाटी बोंबील उरले होते, मी डोळ्यांनी पाहिले. ट्रक वाचवायला बाई खोटं बोलते, असं कंपनीचा वकील म्हणाला. पण ड्रायव्हरनेही सांगितलं की परत निघताना पाटी त्यानेच मागे चढवली होती आणि ती जड लागली होती. आमचं म्हणणं मान्य झालं. कंपनीला पैसे भरावे लागले. मुलीने घरावर पत्रे घातले, पोरांची शाळा सुटली नाही. माझे ट्रकही माझ्याकडेच राहिले.

निकाल इंग्रजीत होता. आळीत तो वाचू शकेल अशी मीच, त्यामुळे माझ्या साक्षीपासून माझ्याशी बोलणं टाकलेलं असूनही मुलगी कागद घेऊन माझ्याकडेच आली. पैशांचं तिला माहीत होतं. आईबद्दल काय लिहिलंय तेवढं वाच, म्हणाली.

मी वाचून मराठीत सांगितलं. मयत स्त्री विकला न गेलेला माल घेऊन घरी परतत होती.

तिने ते परत एकदा सांगायला लावलं. मग कागदाची घडी घातली.

"हे आता पुसता नाय येणार ना, काकी?"

नाही, म्हटलं. मी चहा ठेवला. तो होईपर्यंत ती थांबली, चहा घेतला, आणि पेला विसळून पालथा घालून गेली.