दर्या, डोंगर आणि मागे काकू

दुकानात माल येतो आणि जातो. किस्से येतात आणि जात नाहीत. हॉर्न खपतो, सीट कव्हर खपतं, पण ते घ्यायला आलेला माणूस जे बोलून गेला ते कोपऱ्यात पडून राहतं. आमच्याकडे हा न खपलेला माल इतका साठलाय की कधीतरी झाडून काढायलाच हवा. त्यातला निम्मा एकट्या अण्णांचा आहे.

दुकान म्हणजे रत्नागिरीतलं कार ॲक्सेसरीजचं. मालक मंद्या, माझा चुलतभाऊ. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास मी इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन आणि पुण्यातली नोकरी नाकारून परत आले होते. प्रत्येक चांगलं यंत्र मुंबई-पुण्यातच का थांबतं, हा माझा तेव्हाचा प्रश्न होता आणि मी तो भेटेल त्याला विचारत असे.

मंद्यालाही विचारला.

"पुढे घाट लागतो ना!" मंद्या म्हणाला.

*

अण्णा आमच्या गावचे. आरे-वारेच्या अलीकडे त्यांची हापूसची बाग आहे. बाग वडिलोपार्जित, घर वडिलोपार्जित. आंब्याच्या पेट्या वाहायला घेतलेली निळी पिकअप तेवढी अण्णांची स्वतःची.

एका वर्षी अण्णा आंब्याच्या कलमावरून पडले. बाकी सगळं जागेवर राहिलं, मान तेवढी आखडली. गळ्यात पट्टा आला. पट्टा निघाल्यावरही मान वळेना. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं बघायचं तर अख्खे अण्णा वळवावे लागत.

"डॉक्टरांनी मान वळवू नका म्हणून सांगितलंय," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे अण्णांच्या सौ.

"गाडी वळवू नका असं नाही सांगितलं," अण्णा म्हणाले, आणि चावी घेऊन निघाले.

*

अण्णा गाडी मागे घेत तेव्हा काकू अंगणात उभ्या राहून सांगत. ही पद्धत लग्नाइतकी नाही, पण गाडीइतकी जुनी होती. काकू नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत. त्यामुळे सगळा कारभार एका शब्दावर चालायचा.

"अहो... अहो... अहो..."

याचा अर्थ या, या, या.

एकदा असेच तीन-चार अहो झाले आणि धाड्‌कन आवाज आला. तुळशीवृंदावनाचा एक कोपरा खाली पडला होता. तुळस वाकडी उभी होती.

"मी ओरडले होते की अहो म्हणून!" काकू म्हणाल्या.

"तू जन्मभर अहोच म्हणत्येस," अण्णा स्टिअरिंगवरून न वळता म्हणाले. "त्यातला थांबायचा कुठला?"

काकूंनी तुळस सरळ केली, हात धुतले आणि मग सांगितलं, "आता गाडीवर एक ओरखडा दिसला, की गाडी विकायची. मी स्पष्ट सांगत्ये."

त्या दिवसापासून संध्याकाळी दिवा लावून झाला की काकू गाडीभोवती फिरायला लागल्या. तांदळातले खडे बघावेत तशा, पत्र्यावरून हात फिरवत.

*

दुसऱ्याच आठवड्यात अण्णा दुकानात आले.

"काय गो बाय, तू शिकून आल्येस ना? मान न वळवता बाजूचं दिसेल असं काही आहे?"

मी पुण्याहून परत आल्यापासून या वाक्याची वाट बघत होते! कॅमेरे! पुढच्या बंपरला एक, दोन्ही आरशांखाली एकेक आणि डॅशबोर्डवर छोटा स्क्रीन. आरशात मागचं दिसतं. पण आमच्या गावच्या अरुंद पाणंदीत दोन्हीकडे तांबड्या चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती आहेत, आणि पुढच्या चाकापासून गडगा वीतभर आहे की बोटभर, हे आरसा सांगत नाही. पाणंद संपून रस्ता लागतो तिथे तर गाडीचं नाक आधी बाहेर जातं आणि माणसाचे डोळे मागून. मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. अण्णांना पटलं.

"आणि मागे एक," मी म्हटलं. "खरं तर पहिला तोच. तुम्ही ठोकलंत ते मागेच."

"मागचा नको."

"अण्णा, हे अशास्त्रीय आहे."

"मागे ही असते."

"म्हणून तर!"

"बाय," अण्णा म्हणाले, "तिला काढून तिच्या जागी कॅमेरा लावला, तर ओरखड्याची वाट बघणार नाही ती. दुसऱ्या दिवशी गाडी बाजारात."

मी चिडले होते. मंद्या म्हणाला, "पुढे आणि बाजूला. लिहून घे."

जाताना अण्णा दारात थांबले. "नीट बसव हां. गाडी गेली की उरला झोपाळा. तो जेवढा पुढे जातो तेवढाच मागे येतो."

*

कॅमेरे मुंबईहून मागवले. बसवले. पहिल्या चाचणीला मी अण्णांच्या शेजारी बसले, मंद्या मागे हौद्यात उभा. शंभरेक पावलं गेलो असू, तेवढ्यात अण्णांनी ब्रेक मारला. समोरून कोंबडी गेली. गाडी उभीच.

"अण्णा, चला. गेली ती."

"दुसरी कुठे आहे?"

"दुसरी कुठली?"

"एक काचेतून दिसली, ती डावीकडनं आली. एक ह्या तुझ्या डब्यात दिसली, ती उजवीकडनं. एक गेली. दुसरी गाडीखाली आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुंबईवाल्याने तिन्ही कॅमेरे गाडी मागे घेताना लावायचे पाठवले होते. त्यात चित्र आरशासारखं उलटं दिसतं, कारण मागे जाताना ते तसंच सोयीचं पडतं. मी अण्णांना गाडीतच सगळं तत्त्व समजावून सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे हा मागे जायला शिकलेला आहे, आणि आपण त्याला पुढे उभा केलाय."

"हो."

"मग हा ग्रामपंचायतीत हवा. इथे कशाला?"

कॅमेऱ्याच्या तारेला एक छोटं वेटोळं असतं. ते कापलं की चित्र सुलट होतं. मी तिन्हींचं कापलं. तोपर्यंत अण्णांनी मंद्याला गाडीखाली वाकून दुसरी कोंबडी शोधायला लावली होती. मंद्याने शोधली.

*

स्क्रीनखाली बाजूच्या कॅमेऱ्यांची दोन बटणं होती; दाबलं की बाजूचं दिसे, सोडलं की पुन्हा समोरचं. मी त्यांवर "डावे" आणि "उजवे" अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मुद्दाम मराठीत. अण्णांनी त्या नखाने काढल्या.

"गाडीत बसल्यावर कोण डावं-उजवं करतं? एका अंगाला दर्या, एका अंगाला डोंगर."

हे खरंच आहे. आमच्या गावात दिशा दोनच. डोळ्यात काही गेलं तरी लोक विचारतात, दर्याकडच्या की डोंगराकडच्या? मंद्याने नव्या चिठ्ठ्या केल्या: दर्या. डोंगर. अण्णा खूश होऊन रत्नागिरीला पेट्या घालायला गेले.

मी रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, तळमळत होते. रत्नागिरीला जाताना समुद्र उजव्या हाताला. परत येताना तो डाव्या हाताला येणार! सकाळी उठून अण्णांकडे धावले.

"अण्णा, येताना बटणं उलटी झाली असतील!"

"झाली की."

"मग काय केलंत?"

"येताना दर्या बघायचा असला की डोंगर दाबायचा."

"मग चिठ्ठ्या काढूनच टाकूया ना!"

"का? जाताना लागतात."

*

नाक्यावर एका हवालदाराने गाडी अडवली.

"गाडीत टीव्ही लावलाय?"

"टीव्ही नाही, कॅमेरा आहे," अण्णा म्हणाले.

हवालदार आत वाकून बघायला लागला. स्क्रीनवर रिकामा रस्ता होता. तो बराच वेळ बघत राहिला.

"यात काहीच होत नाहीये."

"रत्नागिरी आहे," अण्णा म्हणाले. "दुपारची."

"दुसरं काही लागत नाही?"

अण्णांनी बटण दाबलं. "डोंगर लागतो."

हवालदाराने डोंगर बघितला. मग गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडून विचारलं, "आता?"

"आता तुम्ही लागलात."

त्याने टोपी सरळ केली, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि गाडी सोडली. त्यानंतर अण्णांची गाडी नाक्यावर आली की तो टोपी सरळ करतो.

*

कॅमेरे फक्त दाखवतात, साठवत काही नाहीत. हे मी गावात घरोघर सांगितलं. एकानेही विश्वास ठेवला नाही. पाणंदीकडच्या पडव्यांतून लोक पिकअपचा आवाज आला की सदरा घालायला लागले.

अण्णांच्या शेजारच्या तात्यांचं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड पाणंदीवर वाकलेलं होतं. ऐन मोसमात कोणीतरी त्याची टोपलीभर पिकलेले रातांबे नेले. आमसुलं घालायचे दिवस, तात्या भडकलेले. देवळात पाच-पंचवीस माणसं जमलेली असताना त्यांनी विचारलं, "अण्णा, तू रोज तिथनं जातोस. तुझ्या त्या कॅमेऱ्यात कोण दिसलं?"

मी उठून सांगणार होते की तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य आहे. अण्णांनी मला हाताने बसवलं.

"दिसलं," अण्णा म्हणाले.

"कोण?"

"दिसलं म्हटलं ना."

देवळातली दोन-तीन माणसं चपला शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या धावत अण्णांकडे आले. तात्यांच्या फाटकाशी कोणीतरी रातांब्यांच्या दोन टोपल्या ठेवून गेलं होतं.

"मग झालं की!" अण्णा म्हणाले.

"झालं काय?" तात्या म्हणाले. "माझी एकच गेली होती!"

*

आंब्याचा मोसम पार पडला. पाऊस आला, चतुर्थी जवळ आली. गाडीवर ओरखडा नव्हता. काकूंचा संध्याकाळचा हात फिरतच होता आणि हात फिरून होईपर्यंत अण्णा झोपाळ्यावर पाय टेकवून, झोपाळा न हलवता बसत. आम्ही चेष्टा करायचो. अण्णा हसायचे नाहीत.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपती आणायला गाडी काढली. मी आणि मंद्या हौद्यात झांजा घेऊन उभे होतो. बाप्पा कोऱ्या रुमालाने तोंड झाकून काकूंच्या मांडीवर पुढे बसले. त्याआधी मूर्तिकाराच्या दारातच काकूंनी गाडीला हळद-कुंकू लावून दोन्ही आरशांना झेंडूच्या जाड माळा घातल्या होत्या. माळा काकूंनी स्वतः ओवल्या होत्या. चांगल्या भरगच्च होत्या.

गाडी पाणंदीत शिरली. हौद्यातून आम्हाला पुढचं बोलणं ऐकू येत होतं.

"अगो, स्क्रीनवर झेंडू दिसतायत," अण्णा म्हणाले.

"दुसरं बटण दाबा."

"दाबलं. तिकडेही झेंडू."

"देवाचं काम आहे. तुम्ही पुढे बघा. मी बघत्ये बाजूला."

मंद्याने झांजा थांबवल्या. मी मोरया म्हणायचं थांबवलं.

"अहो," काकू म्हणाल्या. मग, "अहो." मग, "अहो!"

कर्र्‌र्र.

तसा आवाज चिऱ्याचाच असतो. गाडी तशीच घरी आली. काकूंनी बाप्पाला आत नेऊन पाटावर ठेवलं. अण्णा गाडीकडे न बघता झोपाळ्यावर जाऊन बसले. आम्ही दोघं झांजा हातात धरून अंगणात उभे.

काकूंनी दिवा लावला. बाहेर आल्या. नेहमीसारख्या गाडीभोवती फिरायला लागल्या. उजवी बाजू झाली. मागचं फळकूट झालं. डावीकडे पुढच्या चाकाच्या वर हात थांबला. निळ्या रंगावर हातभर लांब पांढरी रेघ होती आणि तिच्यात चिऱ्याची लाल भुकटी भरली होती.

काकूंनी पदराचं टोक पाण्यात बुडवून आणलं आणि रेघ पुसली. लाल गेलं. पांढरं राहिलं. पुन्हा पुसली. पांढरं राहिलं.

अण्णांनी झोपाळ्याची कडी घट्ट धरली होती.

"चीक आहे," काकू म्हणाल्या.

मंद्या रेघ बघायला वाकला.

"आंब्याचा चीक. पेट्या भरताना सांडला असणार. तो जात नाही."

"काकू," मंद्या म्हणाला, "आंबे तर जूनलाच..."

"मंद्या, तू तुझं हॉर्नचं बघ."

काकूंनी दोन्ही आरशांवरच्या माळा काढल्या, पदरात घेतल्या आणि आत जायला निघाल्या. उंबरठ्यावर थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "सकाळी पत्री आणायला जायचंय. गाडी लागेल."