दाराच्या फटीतून गेलेली बातमी

पदनाम : काचघर परिचर. नेमणुकीचे ठिकाण : वनस्पती संशोधन केंद्र, काचघर, कक्ष एक व दोन. वय : चोपन्न. शिक्षण : सातवी अनुत्तीर्ण. विशेष प्रावीण्य : निरंक. कर्तव्ये : रोपांस पाणी देणे, तापमान नोंदवणे व सांगितल्याखेरीज काहीही न करणे. ताब्यातील साहित्य : बादल्या तीन, झारी एक, रबरी नळ्या दोन, प्रत्येक कक्षास एक.

या मजकुराखाली ज्यांची सही आहे, त्यांना केंद्रात सगळे झारीकाका म्हणत. झारी हातात धरून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. टोपणनाव बदलायला अर्ज कुणाकडे करायचा, हे माहीत नसल्यामुळे ते तसंच राहिलं.

काचघराच्या काचांवर चुन्याचा पातळ हात मारलेला होता. त्यामुळे आत येणारं ऊन दुधात बुडवून काढल्यासारखं येई. दुपारी कुठेतरी एक थेंब पडे, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. कक्ष एकमधली टोमॅटोची रोपं त्या उजेडात किंचित हलल्यासारखी वाटत आणि झारीकाका पालथ्या बादलीवर बसून डोळे मिटत. झोपत नसत, असं त्यांचं म्हणणं होतं. वास घेत असत.

कक्ष एकमधल्या रोपांवर बाईंनी अळ्या सोडलेल्या होत्या. बाई म्हणजे केंद्रातल्या नव्या संशोधक. येऊन आठ महिने झाले होते. अळीनं एक पान कुरतडलं की काही मिनिटांत रोपाच्या अंगभर वर्दी जाते, हे त्यांनीच झारीकाकांना सांगितलं होतं. मग न कुरतडलेली पानंसुद्धा असा रस तयार करतात, की अळी खाते पण अंगी लागत नाही. शिवाय पानांतून एक वास हवेत सुटतो. तो शेजारच्या रोपांना कळतो आणि तीही आधीच कंबर कसून बसतात.

झारीकाकांना हे ऐकून नवल वाटलं नाही. तो वास त्यांच्या ओळखीचा होता. कापलेल्या गवतासारखा, पण जरा घाबरलेला. डोळे मिटले की त्यांना वाटे, आपण एका मोठ्या घरात पाहुणे आहोत, पलीकडच्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात काही सांगतंय आणि ऐकणारे एकेक करून गप्प होत चाललेत.

पलीकडची खोली म्हणजे कक्ष दोन. तिथली रोपं सुखी आणि बेसावध ठेवायची होती. आठ दिवसांनी त्यांच्यावरही अळ्या सोडायच्या आणि कोणत्या खोलीतल्या अळ्या जास्त बाळसं धरतात ते वजन करून पाहायचं. मधल्या दारावर चौकट करून पाटी लावलेली होती : ‘दार बंद ठेवणे. अपवाद नाही.’

वजनं झाली. कक्ष दोनमधल्या अळ्या टुमटुमीत निघाल्या. पण दाराजवळच्या ओळीतल्या अगदीच रोडक्या.

अधीक्षकांनी झारीकाकांना बोलावलं.

“औषध मारलंत ना? खरं सांगा. दया आली असेल रोपांची.”

“नाही साहेब.”

“मग त्या अळ्या उपाशी का?”

“उपाशी कुठे साहेब? दिवसभर खातात. अंगी लागत नाही.”

“म्हणजे तुमच्यासारखंच,” असं म्हणून अधीक्षकांनी नोटीस हातात दिली. प्रयोगात विषारी फवारणी केल्याबद्दल सेवा का समाप्त करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत. सव्वीस वर्षं त्या दुधाळ उजेडात बसलेल्या माणसाला तीन दिवस.

घरी बायको शिवणयंत्रावर कुणाचे तरी पडदे शिवत होती. तिनं पाय न थांबवता नोटीस ऐकून घेतली.

“अहो, पण तुम्ही त्यांना सांगा ना, मला वासावरून कळतं सगळं म्हणून.”

“कोण विश्वास ठेवणार?”

“तेही खरंच. इथे गॅसवर दूध करपून कोळसा झालं तरी तुमच्या नाकाला पत्ता नसतो.”

“दुधाचं वेगळं असतं, अगं.”

“नाकं असावीत तर शेजारणीसारखी. परवा विचारते, आज लसूण जास्त पडला वाटतं? म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, दार लावत जा.”

झारीकाकांच्या हातातला घास हातातच राहिला. “दार,” ते म्हणाले.

“हो, दार. लावतो का आपण?”

कक्ष दोनला नळ नव्हता. रोज सकाळी कक्ष एकमधून नळी तिकडे ओढावी लागे. परत ओढताना कुंड्या पडतात, म्हणून ती दिवसभर तशीच असे आणि दार तिच्यावर टेकलेलं. हे सांगितलं तर फवारणीचा आळ जाणार होता आणि पाटीचा गुन्हा शाबीत होणार होता. रात्रभर त्यांनी दोन्ही पारडी तोलून पाहिली. सकाळी ते बाईंपुढे उभे राहिले.

“बाई, औषध नाही मारलं. पण दार उघडं होतं.”

“किती?”

“नळीएवढं.”

“कधीपासून?”

“कक्ष बांधल्यापासून.”

बाई पालथ्या बादलीवर बसल्या. आपल्या आधीच्या संशोधकांच्या प्रयोगांचा विचार त्यांनी सभ्यपणे टाळला. मग दोघंही फटीशी वाकले. चुन्यातून झिरपलेलं ऊन नळीवर पडलं होतं. बाईंनी डोळे मिटले. थेंब तीनदा पडला.

“येतोय,” बाई हळूच म्हणाल्या. “काका, रागवायला हवं होतं मी.”

“रागवा की.”

“नंतर.”

बाईंनी खुलाशाची मुदत वाढवून घेतली. पुढचे तीन आठवडे फट बुजवून प्रयोग झाला आणि झारीकाका खरोखर झारीनं पाणी घालत फिरले. दाराजवळच्या अळ्यासुद्धा गुबगुबीत झाल्या. नंतर नळी पूर्वीसारखी टाकली, तशा त्याच ओळीतल्या पुन्हा वाळल्या. बाईंनी तसं सविस्तर लिहून दिलं.

अधीक्षकांनी ते दोनदा वाचलं. साहित्याच्या यादीवर दरवर्षी त्यांचीच सही असे. आठवड्याभरात आदेश आला : ‘फवारणी झाल्याचे आढळत नाही. तसेच प्रत्येक कक्षास स्वतंत्र नळी उपलब्ध असल्याने दार उघडे राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सबब नोटीस मागे घेण्यात येत असून संबंधितांस पूर्ववत कामावर ठेवण्यात येत आहे.’

नळी एकच आहे.