ॲल्युमिनियमचा कळप

आमच्या शेजारची आशा दहावीला विज्ञानात नापास झाली, तेव्हा वाडीत कुणाला नवल वाटलं नाही. मला त्याचाच राग आला. छत्तिसाव्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसलेली बाई बाकीचे सगळे विषय एका दमात सोडवते, त्याचं कौतुक नको?

दहावी तिला हौसेसाठी नको होती. आळेफाट्याला एका दवाखान्यात आयाची जागा होती, पण दहावी पासच पाहिजे. ती मिळाली, तर दिवाळीनंतर मेंढ्यांमागं कोकणात जाणं सुटणार होतं. दरवर्षी ती आणि नवरा जालिंदर पाऊस तोंडावर येईपर्यंत फिरतीवर, आणि मुलगी ऋतिका आजीकडे.

जुलैत फेरपरीक्षा होती. आशाचं घोडं संयुगांच्या सूत्रांपाशी अडलं होतं. शेवटी नववीतली ऋतिकाच तिची मास्तरीण झाली. इलेक्ट्रॉन म्हणून मांडायला आशानं मेंढ्यांच्या वाळक्या लेंड्या आणल्या.

"आई, शी!"

"शी काय? त्याच्यावरच पोट चालतंय आपलं."

ऋतिकानं जमिनीवर अणूंचे गोल काढले. ॲल्युमिनियमच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत तीन इलेक्ट्रॉन. आशानं तिन्ही लेंड्या उचलून एकाच क्लोरीनच्या गोलात ठेवल्या.

"आगं, क्लोरीनकडं आधीच सात हायेत. आठ झाले की भरलं. एकालाच जागा हाय."

"मग ऱ्हायलेले दोन? कळप फोडायचा नसतो गं, मेंढरू चुकतं."

जन्मभर हेच केलेली बाई, ती दुसरं काय म्हणणार!

"आन् वावर बारकं असलं तर?" ऋतिकानं विचारलं.

खतासाठी रात्री शेतात मेंढ्या बसवायला एक वावर पुरत नसलं, तर शेजारची वावरंही धरावी लागतात. आशानं आणखी दोन गोल काढले आणि प्रत्येकात एकेक लेंडी ठेवली. एक ॲल्युमिनियम, तीन क्लोरीन. मग तिनं आपणहून ऑक्सिजन घेतला. त्याला दोन लागतात. तिघांचे दोन कळप, दोघांची तीन वावरं: दोन ॲल्युमिनियम, तीन ऑक्सिजन.

"शिल्लक कायबी ऱ्हात न्हाई!" ती एवढ्यानं ओरडली की मी घरातून धावत आले.

विज्ञानात ती काठावर पास झाली आणि दवाखान्यात लागली. मला लई आनंद झाला. दिवाळीनंतर जालिंदर भावाबरोबर कळप घेऊन कोकणात उतरला. त्या संध्याकाळी ऋतिका जेवायला बसली आणि आशानं ताटात भाकरी वाढताच रडायला लागली.

"काय झालं गं?"

"काय नाय. तू हितंच हायेस."