अलकाताईंकडचा सेंटर बॅक

मुलगी लग्न होऊन बेसिंगस्टोकला गेली आणि साउथहॅम्प्टनच्या घरात अलकाताईंनी रांधून वाढावं असं कुणी उरलं नाही. नवरा, कमलाकरराव, काय, टोस्टवरही राहिले असते. म्हणून २००५ च्या उन्हाळ्यात त्यांनी जवळच्या एका छोट्या फुटबॉल क्लबचा खेळाडू घरी ठेवून घेतला. क्लब परदेशी पोरांना असंच कुटुंबांत ठेवायचा. अट एकच. दर सोमवारी फोन आला की पोरगं जेवतं का, झोपतं का, कुठे दुखतंय का, ते खरं सांगायचं.

आला तो ब्राझीलचा जोएल्सन. एकोणीस वर्षांचा, ताडमाड, सेंटर बॅक. म्हणजे गोल करायला येणाऱ्यांना अडवणारा. ब्राझीलचा असून गोल करत नाही, हे कमलाकररावांच्या पचनी पडायलाच महिना लागला. अलकाताईंना त्याचं काय! पोरगं तिसरी पोळी मागून घेतं आणि ‘दोना अलका’ म्हणतं, म्हणजे त्यांच्याकडचं अलकाताई, एवढ्यावरच त्या विरघळल्या होत्या. करार नाताळपर्यंतचा होता. तोवर मुख्य संघात जागा मिळाली तर राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

ऑक्टोबरात तो कठड्याला धरून जिना उतरायला लागला. गुडघा टम्म फुगलेला. अलकाताईंनी फ्रीजरमधली मटारची पिशवी गुडघ्यावर धरायला दिली, तर त्याने त्यांचा हातच धरला.

"क्लबला सांगू नका," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मला घरी पाठवतील."

त्यांनी शब्द दिला. कमलाकरराव भडकले.

"अगं, सोमवारी फोन आला की काय सांगणार आहेस?"

"अहो, घरातलं दुखणं असं चव्हाट्यावर मांडतात का? आपला मुलगा असता तर मांडलं असतंत?"

"आपला असता तर कान धरून डॉक्टरकडे नेला असता!"

अलकाताईंनी ऐकलं नाही. घरचं बाहेर बोलायचं नाही, हे त्या माहेराहून शिकून आल्या होत्या. त्याच बळावर त्यांनी मुलीची मोडलेली पहिली सोयरीक झाकली होती. सोमवारी फोनवर त्या म्हणाल्या, "ही इज फाइन. ईटिंग व्हेरी वेल." आवाज जराही कापला नाही. पुढच्या सोमवारीही नाही.

नोव्हेंबरात त्याला मुख्य संघात घेतलं. दोघं हौसेने बघायला गेले. एक स्ट्रायकर त्याला चकवून निघाला, जोएल्सन त्याच्यामागे गर्रकन वळला आणि कोसळला. त्याला कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता. त्याची किंकाळी वरच्या रांगेपर्यंत ऐकू आली.

सर्जनने सरळ सांगितलं. सूज आली तेव्हाच आणला असता तर छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं. आता तो चालू शकेल, खेळू शकणार नाही. अलकाताई खुर्चीत बसून राहिल्या. सांगणारे सांगतात की अशा वेळी रडू येतं. त्यांना तेही आलं नाही.

डिसेंबरात हीथ्रोला त्याला पोचवायला त्याच गेल्या. चेक-इनच्या रांगेत त्यांना राहवेना.

"मी सांगायला हवं होतं रे. तुझं आयुष्य मी घालवलं."

जोएल्सनने कुबडी भिंतीला टेकवली आणि वाकून त्यांना जवळ घेतलं.

"नाही, दोना अलका. एजंटने शब्द दिला, कोचने दिला, क्लबने दिला. पाळलात तो तुम्ही एकट्यांनी."

त्याने एखादी शिवी हासडली असती, तरी अलकाताईंना ती सोसवली असती.