कोपऱ्याचा प्लॉट

“मूळ गाव कुठलं म्हणालात, मॅडम?”

“नांदगाव.”

“नांदगावात कुठे?”

“बौद्धवाड्यात.”

एजंटने प्लॉटचा नकाशा माझ्या हातातून काढून घेतला. ओढून नाही. अगदी हळू, घडी मोडू नये म्हणून.

नव्वदीच्या अखेरची ही गोष्ट. नाशकात पाथर्डी फाट्याच्या पुढे द्राक्षबाग काढून प्लॉट पाडले होते. रविवारी बिल्डरची गाडी आम्हा गिऱ्हाइकांना तिथे नेत असे. मी शाळेत मराठी शिकवत होते, आईला घेऊन भाड्याच्या खोल्या बदलत होते. मला घर बांधायचे होते. बाकीचे गुंतवणूक करायला आले होते आणि त्यांचे प्रश्न ठरलेले होते. एनए झालं आहे का? सातबारा कोणाच्या नावावर? रिंगरोड खरंच इथून जाणार का? आणि सगळ्यांत शेवटी, आवाज जरा खाली आणून: शेजार कसा?

“शेजार एक नंबर,” एजंट गाडीत म्हणाला होता. “आपल्या कॉलनीत सगळे आपलेच लोक.”

मीही मान डोलावली होती. शेजार म्हणजे शांतता, चोरांची भीती नसणे, असा माझा समज. साइटवर उतरताच कोपऱ्याचा प्लॉट मी मनाने घेऊनही टाकला. पूर्वेला दार. आईला उन्हात बसायला ओटा.

आता तोच एजंट म्हणत होता, “कोपऱ्याचा बुक झालाय, मॅडम. आमच्याकडे मागे नाल्याच्या बाजूला आहेत. तिकडे तुम्हाला तुमचे लोक मिळतील.”

पाचवीच्या वर्गात मी दरवर्षी समजावून सांगते: ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत असतो, ‘आम्ही’ म्हटले की बाहेर. गाडीत मी आत होते. वस्तीचे नाव सांगितले आणि बाहेर.

“कोणी बुक केला?”

“पार्टी आहे एक.”

“कधी?”

“आत्ताच. म्हणजे... सकाळी.”

शेजारी उभे असलेले निवृत्त बँक अधिकारी मध्ये पडले. येताना खिडकीची जागा मला त्यांनीच दिली होती.

“ताई, मनाला लावून घेऊ नका. आम्ही जातपात मानत नाही. पण उद्या विकायला काढला की गिऱ्हाईक पहिलं विचारतं, शेजारी कोण? प्रश्न रीसेलचा आहे.”

म्हणजे मी शेजारीण नव्हतेच. त्यांच्या भावातली घट होते.

माझा आवाज वर्गातला निघाला.

“काका, शेजार कसा, हे तुम्हीच विचारलं होतं. उत्तर घ्या. शेजारीण शिक्षिका आहे, बौद्ध आहे, आणि नाल्याकडे जाणार नाही.”

परतताना माझ्या बाजूची जागा रिकामी राहिली.

पुढच्या रविवारी मी गाडीत सर्वांत आधी चढले. ड्रायव्हरच्या मागेच बसले.

“मॅडम, परत तुम्ही? सांगितलं ना, बुक झालाय.”

“ज्यांनी घेतला, त्यांना भेटायचं आहे.”

“ते आज येणार नाहीत.”

“मग पुढच्या रविवारी येईन.”

गाडी नव्या गिऱ्हाइकांनी भरली. मागून कोणीतरी विचारले, “शेजार कसा आहे हो?”

एजंटने माझ्याकडे पाहिले आणि समोरच्या रस्त्याकडे तोंड फिरवले. मी मागे वळले. आधी नाव सांगितले, मग गाव, मग वस्ती. एकेक शब्द सुटा, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावा असा.

तेव्हाच मी ठरवले: तो प्लॉट मला मिळेल. नाहीतर ‘बुक झालाय’ हे खोटे त्याला दर रविवारी, भरल्या गाडीत, माझ्या तोंडावर बोलावे लागेल.